काकांनी मिशी उतरवली

आमच्या शेजारचे शांतारामकाका सिनेमातला खलनायक मरायच्या ऐन क्षणी टीव्ही बंद करतात. हात उंचावून म्हणतात, "थांबा! ह्याचं पण ऐकून घेऊ."

मग ओटीवर पंचायत बसते. गुंडाची आई आजारी होती का? नायकानं मारामारीत ज्याची भाजीची गाडी उलटवली, त्याला कोणी विचारलं का? आतून काकू ओरडते, "आवो, मरू द्या त्याला एकदाचा! भाकरी करपली माझी!"

कोणी चुकून "हिरो भारी हाय" म्हणालं, की काका मिशीला पीळ देऊन विचारणार, "कुणाच्या शेतात उभं राहून बोलतोस?"

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात उत्सवाचं नाटक काकाच लिहितात. डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून पोरं तालमीला येतात. काकांचा नायक चोरी करून शाळेचं छप्पर घालतो, खोटी साक्ष देऊन शेजाऱ्याचं घर वाचवतो. टाळी वाजवावी की शिवी घालावी, प्रेक्षकांना कळत नाही. असा लेखक पुण्यामुंबईत दाखवा मला!

यंदा गावाला नाटक हवं होतं ते काकांच्या वडिलांवर. फार वर्षांपूर्वी उधाणाचं पाणी गावात शिरणार, एवढ्यात त्यांनी एक बांध फोडून ते शेतात वळवलं. गाव वाचलं. आता वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभी राहिली होती, उद्घाटनाला पाहुणे येणार होते. वडिलांची भूमिका माझी. कुदळ घेऊन आरशापुढे उभा राहिलो, तेव्हा मलाच माझा अभिमान वाटला.

पण काकांनी नाटकात एक विधवा घातली. फुटला तो बांध तिचा. शेतात खारं पाणी बसलं, भात पिकेना. लेकीचा हात धरून ती रोह्याला निघून गेली. हेही खरंच घडलेलं.

उत्सवाचे अध्यक्ष धावत आले. "काका, ती बाई तेवढी काढा. तुमचा बाप आम्ही धुतल्या तांदळासारखा दाखवतोय!"

"धुतलेला तांदूळ टोपात बरा. बाप माझा माणूस होता."

"अहो, पण असली रडकी भूमिका करायला बाई मिळणार नाय!"

काकांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ती मिशी पेणच्या सलूनमध्ये राहिली.

नाटकात मी कुदळ उंचावून गरजलो, "गाव वाचलं!" टाळ्यांचा कडकडाट! तेवढ्यात लुगडं नेसलेले काका आले. शिट्ट्या पडल्या. कोणी ओरडलं, "चिकना दिसतो गो म्हातारा!"

काका खाली बसले. रंगमंचाच्या फळ्यांवरून हात फिरवला, भिजलेल्या रोपांवरून फिरवावा तसा. मग मान वर करून मला विचारलं, "कुणाच्या शेतात उभं राहून बोलतोस, भाऊ?"

मी माझं पुढचं वाक्य विसरलो.

पडदा पडल्यावर रंगपटात एक म्हातारी आली. त्या विधवेची लेक, हिरा. काकांनीच रोह्याला निरोप धाडला होता. आयुष्यभर बोलण्यात न हरलेला माणूस, हात जोडावेत की पाया पडावं, कळेना त्याला.

"बस गो, हिरा."

हिरा बसली नाही. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पदर नीट घे रे, शांताराम. माझी आय असा नाय घेत होती."

आणि पुढे होऊन तिनंच तो त्यांच्या डोक्यावर ओढून दिला.

ती गेल्यावर मी म्हटलं, "काका, लुगडं सोडा आता."

"सोडतो," म्हणाले. आणि पदर जरासुद्धा हलू न देता तसेच बसून राहिले.