मानाचं झाड यूएनके

तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या झाडांची शास्त्रशुद्ध नोंद व्हावी, असं वरून कळवण्यात आलं, आणि घाटनांदूरचा भाग वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मन्मथ सर यांच्याकडे आला. पंचक्रोशीत झाडांवर डॉक्टरेट केलेला माणूस एवढा एकच. सरांना हे ठाऊक होतं, आणि इतरांनाही ते ठाऊक राहील याची ते काळजी घेत.

भर उन्हात उभं राहून लांबलचक शास्त्रीय नावं कोण लिहिणार? म्हणून संकेत वापरायचे. शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं, दुसऱ्याची दोन. कडुनिंब झाला एझेडआयएन, चिंच झाली टीएआयएन. पद्धत जगमान्य आहे. ओळखू न येणाऱ्या झाडाचीही तिच्यात सोय आहे. त्यापुढे यूएनके लिहायचं, म्हणजे 'अननोन', आणि घरी जाऊन पुस्तकात बघायचं. या नियमाचा पहिला भाग सर काटेकोरपणे पाळत.

फाट्याच्या वळणावर असंच एक डेरेदार झाड होतं. त्याच्याखाली साखराबाई टरबुजं विकायची. तिचं दुकान म्हणजे ती सावलीच; ना भिंत, ना छप्पर. सरांनी साल खरवडली, पान चुरगाळून हुंगलं आणि "अच्छा!" म्हणाले. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

"काय लिवलं सर?" साखराबाईनं विचारलं.

"यूएनके."

"आगं माय! लई मोठं नाव हाय की. आमी आपलं नुसतं झाड म्हणायचो."

सरांना लाज वाटली, नाही असं नाही. पण तिच्या डोळ्यांतला आदर बघून ती लगेच ओसरली. खुलासा करायचा तर आधी तिनं दिलेली टरबुजाची फोड खाली ठेवावी लागली असती.

तालुक्याचे बाकीचे भाग ज्यांच्याकडे होते, ते प्राध्यापकही डॉक्टरेटवालेच होते. सगळ्यांच्या नोंदी संगणकात गेल्या, बेरीज झाली आणि तालुक्यात सर्वाधिक आढळणारं झाड यूएनके असल्याचं सिद्ध झालं. वृक्षसमितीचे अध्यक्ष विजयसिंह यांचा ऊर भरून आला.

"इतकं आपलं झाड, आन् आपल्यालाच पत्ता न्हाई!" ते बैठकीत म्हणाले. "ह्ये आता तालुक्याचं मानाचं झाड. का हो मन्मथ सर?"

सरांनी इतर प्राध्यापकांकडे पाहिलं. इतर प्राध्यापकांनी पंख्याकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी मान डोलावली आणि त्याच बैठकीत त्यांना शाल, श्रीफळ मिळालं.

मग रोपं मागवली. हे झाड आमच्याकडे नाही, असं एकाही रोपवाटिकेनं कळवलं नाही. उलट जातिवंत यूएनके फक्त आमच्याचकडे, अशी दोघांची आपसात जुंपली. रोपं आली. ती लावायला रस्त्याकडेला जागा हवी, आणि जागा तर जुन्या झाडांनी अडवून ठेवलेली. सबब ती काढण्याचं ठरलं. सुरुवात अर्थातच फाट्यापासून.

करवत आली तशी साखराबाई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"सायेब, ह्योच तर यूएनके हाय! सरांनीच सांगितलंतं मला. मंग यूएनके तोडून यूएनकेच कावून लावायलेत?"

करवतवाला थांबला. विजयसिंह सरांकडे वळले. "सर, तुमी सांगा. ह्ये यूएनके हाय का न्हाई?"

हो म्हणावं, तर शेजारी ठेवलेलं रोप आणि हे झाड यांचं एक पानही जुळत नव्हतं. नाही म्हणावं, तर नोंद त्यांच्याच हातची. 'मला हे झाड ओळखता येत नाही' एवढं एक वाक्य बोललं की झाड वाचत होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण अंगावर सत्काराची शाल होती.

"फूल पाहिल्याशिवाय निश्चित निदान करता येत नाही," सर म्हणाले.

"फूल कवा येतंय?"

"ते कोणतं झाड आहे त्यावर अवलंबून आहे."

"मंग असं करू," विजयसिंहांनी तोडगा काढला, "सध्या निदानाच्या अधीन राहून तोडू. फूल आलं की बघू."

 साखराबाईनं सरांकडे एकदा पाहिलं आणि टरबुजं पोत्यात भरायला लागली. सर रोपाच्या पानांचा अभ्यास करू लागले. तेही त्यांना ओळखू आलं नाही.

आता फाट्यावर लोखंडी पिंजऱ्यात रोप आहे आणि त्यावर 'यूएनके, तालुक्याचा अभिमान' अशी पाटी आहे. वृक्षदिनी तिथं फोटो काढायला ही गर्दी! ते फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील, आणि तुम्ही दोन हिरवी पानं अन् जोडलेले हात लगेच पाठवले असतील. हे झाड कोणतं, असं तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. सरांना रात्री झोप लागते ती तेवढ्याच आधारावर.