कोपरे घासणारे मल्लप्पा मास्तर

मी एका दहा वर्षांच्या मुलीच्या नाकाला माझ्या पायातली वहाण लावली. भर वर्गात, चाळीस मुलांसमोर. हे आधीच लिहून टाकतो. मल्लप्पा मास्तरांच्या गमती सांगायला बसलो की लोक हसतात, मीही हसतो, आणि ही गोष्ट सांगायची राहून जाते. आजवर पुष्कळदा राहून गेली आहे.

आता मास्तर. सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी ते आमच्या शाळेत भूमिती शिकवायला आले; मी तिथे चौथीचा मास्तर. उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात काळा कोट आणि कोटाच्या खिशात सुताराची कानस. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात शिरून पुढच्या बाकाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "अय्यो, टोचतंय की हे!" म्हणाले आणि कानस बाहेर काढली. मुलांची हजेरी त्यानंतर झाली.

हेडमास्तरांनी एकदा विचारलं, "मास्तर, तुमचा विषय त्रिकोण. मग कोपऱ्यांशी वैर कसलं हो?"

"फळ्यावरचे असू द्या की. फळ्यावर कोण पडतंय?"

आम्ही सगळे खो खो हसलो. उत्तराचा अर्थ कुणी लावला नाही.

हेडमास्तरांना नवं सागवानी टेबल आलं. ते जेवायला घरी गेले आणि परत येऊन बघतात तर टेबलाचे चारी कोपरे लाडवासारखे. महिनाभर ते मल्लप्पा मास्तरांशी बोलले नाहीत. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्या महिन्यात ते खिडक्यांच्या मागे लागले होते.

माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचा पाट उचलला आणि मांडवामागे नेला. माझ्या सासूबाई धावत गेल्या. "काय करणी चाललीय हो पाटावर?"

"करणी न्हाई आई. नवरदेव घसरला तर लागंल की."

आमच्या घरात त्यांना पसंत अशी एकच वस्तू होती, पोळपाट. "वहिनी, ह्याला म्हणायचं लाकडाचं काम!" असं म्हणून ते तो मांडीवर घेऊन बसत. माझी बायको म्हणे, "भावजी, द्या आता. कणीक वाळली."

मुलं त्यांना कानस मास्तर म्हणत. रविवारी ते शिपायाकडून किल्ली घेऊन येत आणि एकटेच घासत बसत. बाक संपले, दारं संपली, मग दगडी पायऱ्यांच्या कडा. तीन वर्षं हे चाललं. कोटावर कायम लाकडाचा भुसा.

चौथ्या वर्षी जूनमध्ये ते एका मुलीचं बोट धरून आले. त्यांची नीलव्वा. बारीक अंगाची, डोळे मोठे, सगळं बघणारी. आई वारलेली. आतापर्यंत ती शेजारच्या म्हातारीच्या भरवशावर घरीच असायची; मास्तरच तिला घरी शिकवत.

"शाळा आता झाली," मास्तर मला म्हणाले. काय झाली, ते मी विचारलं नाही. "काळे मास्तर, तुमच्या चौथीत बसवतो. जरा लक्ष असू द्या."

तिला फेफरं येतं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही नाव घातलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

महिनाभरात ती वर्गात पडली. पाढे म्हणता म्हणता थांबली, कडेला कलंडली आणि हातपाय झाडू लागली. मुलं किंचाळली. मी लहानपणापासून एकच उपाय पाहिला होता. दोन मुलांना तिचे हातपाय दाबून धरायला सांगितले, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला आणि पायातली वहाण काढून तिच्या नाकावर धरली. घट्ट धरली. मला वाटत होतं, मी तिला वाचवतोय.

शेजारच्या वर्गातून मल्लप्पा मास्तर आले. "सोडा! सोडा तिला!" मला त्यांनी ढकललंच. कोटाची घडी करून तिच्या डोक्याखाली सारली, तिला कुशीवर केलं आणि नुसते शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने झटके थांबले. मास्तरांनी धोतराच्या सोग्याने तिचं तोंड पुसलं. तोंडाला माझ्या वहाणेची माती लागली होती.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं होतं. मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मास्तर, हिला घरीच ठेवा. बाकीच्या मुलांना बाधा होईल."

दुसऱ्या दिवसापासून नीलव्वा आली नाही. मास्तर येत, त्रिकोण शिकवत आणि जात. श्रावणात शाळेला नवे बाक आले. पंधरा दिवस झाले तरी मास्तर त्यांच्याकडे फिरकले नाहीत. मी थट्टेने म्हटलं, "काय मास्तर, नवे बाक टोचत नाहीत वाटतं?"

ते हळू म्हणाले, "आता कुणासाठी?"

तेव्हा कुठे मला उमगलं. या माणसाने तीन वर्षं रविवारची सुट्टी न घेता एका मुलीला पडता यावं म्हणून अख्खी शाळा घासून काढली होती. आणि मी तिला महिन्यात घालवली.

त्या संध्याकाळी मी बाळीवेशीजवळ त्यांच्या घरी गेलो. मास्तर दारातच आडवे आले. "तिला त्यातलं काय आठवत न्हाई," ते कुजबुजले. "मी सांगितलंय, ओला रुमाल होता. तेवढं सांभाळा."

मी मान हलवली. आत नीलव्वा पाटीवर गणितं करत होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "मास्तर, तितं काय झालं ते मला ठाऊक न्हाई. मी पडले आणि उठले. गल्लीतल्या पोरी म्हणतात, वहाण होती. अप्पा म्हणतात, रुमाल. कोण खोटं बोलतंय?"

मास्तर आढ्याकडे बघत उभे होते. मला रुमाल म्हणणं सोपं होतं. पण ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या आयुष्यातला तेवढाच तुकडा तिच्याजवळ नव्हता. तो माझ्याजवळ होता.

"वहाण होती," मी म्हणालो. "माझी."

तिने पाटी खाली ठेवली. मास्तरांनी तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "पोरी मला शिवत न्हाईत. तुमी वर्गात सांगाल?"

"काय सांगू?"

"मी घाण न्हाई म्हणून."

रात्री उशिरापर्यंत मास्तरांनी मला फेफऱ्याचं सगळं समजावलं. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं होतं ते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर तिला परत घ्यायला नको नको म्हणत होते. मी म्हटलं, माझ्या वर्गाचा जिम्मा माझा.

सोमवारी नीलव्वा तिच्या जागी बसली. मल्लप्पा मास्तर दाराबाहेर उभे. मी खुर्चीवर न बसता मुलांसमोर उभा राहिलो.

"मुलांनो, नीलव्वाला फेफरं येतं. ते पडशासारखं कुणाचं कुणाला लागत नाही. पुन्हा आलं तर धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, हुंगवायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, कुशीवर करायचं आणि ती उठेपर्यंत जवळ बसायचं. त्या दिवशी मी हे केलं नाही. तिच्या तोंडाला माझी वहाण लावली, आणि वर तिलाच घालवून दिलं. घाण माझ्या वहाणेची होती." मी तिच्या बाकाशी गेलो आणि हात जोडले. "नीलव्वा, माझं चुकलं. मला माफ कर, बाळ."