दळवीकाकांचा आकाशपाळणा

दळवीकाका आनंदमेळ्यात शिरले की पहिल्या स्टॉलपासून शेवटच्या स्टॉलपर्यंत प्रत्येक वस्तूचा भाव विचारतात आणि काहीही विकत घेत नाहीत. नुसता भाव विचारून थांबतील तर ते दळवीकाका कसले! चादर असली तर ती पूर्ण उलगडायला लावतील, रंग विचारतील, काठाला काय नक्षी आहे ते विचारतील. दुकानदार बोलून बोलून घामाघूम झाला आणि निम्म्या किमतीवर आला की "छान आहे हो," म्हणून पुढच्या स्टॉलला. "निलेश, बघायला पैसे पडत नाहीत," हे मला वर.

काका नेरूळला आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. खोका फोडून आतला माल बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला शिरस्ता त्यांनी रिटायर झाल्यावर भाजीवाल्यांवर चालवला. सोबत कायम काकू. काचबिंदूने काकूंची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. काकांचा कोपर धरून त्या सगळीकडे फिरतात.

गेल्या वर्षी मी, मनाली आणि आमची सई असे तिघंच मेळ्याला गेलो होतो. एंट्री, पार्किंग, सईच्या राइड्स, पाणचट पावभाजी आणि गेटवरच फुटलेला फुगा. बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा बघून पार्किंगवाल्याने काळजीने विचारलं होतं, "साब, मोबाईल चोरी हुआ क्या?" म्हणून यंदा मनालीने फर्मान काढलं, की जायचं तर दळवीकाकांबरोबर.

काका खूश. "पाच वाजता आमच्याकडे या. जेवून निघू."

"पाच वाजता जेवण?"

"भरल्या पोटाला भज्यांचा वास येत नाही."

काळ्या वाटाण्याची उसळ, भाकरी आणि वर दहीभात. मी दुसरी भाकरी नको म्हटल्यावर काकांनी ती ताटात टाकलीच. "खा. तिथे हीच महाग पडेल." मग पाण्याच्या बाटल्या भरून, पार्किंग वाचवायला आम्ही पायी निघालो. खरं सांगतो, सईनेसुद्धा मक्याच्या कणसाकडे बघून तोंड फिरवलं. मी मनातल्या मनात काकांना हात जोडले.

पण स्टॉल सुरू झाले आणि मला लाज वाटायला लागली. बांगड्यांच्या स्टॉलवर काकांनी अर्धं टेबल उपसलं.

"ही हिरवी कुठली? पोपटी की बाटलीसारखी?"

"अंकल, सामने तो है. देख लो ना."

"मला दिसतंय रे. तू बोल."

"पोपटी. बीच में सोनेरी टिपके."

"टिपके केवढे? मोहरीएवढे की तांदळाएवढे?"

मी काकांना ओढून पुढे न्यावं म्हणून वळलो, तर काकूंकडे लक्ष गेलं. त्या मान किंचित कलती करून दुकानदाराचं ऐकत होत्या. चेहऱ्यावर हसू. "आणि त्या कुंदनाच्या असतात, तशा आहेत का विचारा ना," त्या काकांच्या कानाशी म्हणाल्या.

पुढे चालताना मी काकांना हळूच म्हटलं, "काका, तुम्हीच का नाही सांगत त्यांना?"

"सांगून बघितलं. म्हणते, तुम्हाला दोनच रंग येतात, लाल आणि बाकीचे." मग जरा थांबून म्हणाले, "विकणारा माणूस किती छान सांगतो रे. आपल्याला नाही जमत तसं."

त्यानंतर मी काकांना ओढायला गेलो नाही. सिरॅमिकच्या बरण्यांचे भाव मीच विचारले.

मेळ्याच्या टोकाला आकाशपाळणा होता. तो करकरत फिरताना ऐकून काकू थबकल्या. "मला बसायचंय," म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "कशाला उगाच? पैसे किती सांगतो बघ."

"बघायला पैसे पडत नाहीत, बसायला पडतात. माहितीये मला. बसायचंय."

काका तिकीटवाल्याकडे गेले. "हिला दिसत नाही. वरून काही बघणार नाही ती. हिचं अर्धं लाव."

"चाचा, झूला तो पूरा घूमेगा ना?"

काकू इतक्या हसल्या, की रांगेतले लोकही हसायला लागले. काकांनी पूर्ण पैसे मोजले. मनाली पाण्याच्या बाटल्या सांभाळत खाली राहिली. एका पाळण्यात काका-काकू आणि समोर मी आणि सई.

पाळणा उचलला गेला आणि काकांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी आवळला. डोळे गच्च मिटले. पैशांचं निमित्त करून ते पाळण्याला नको का म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं. अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला, झुलायला लागला.

"काय दिसतं हो?" काकूंनी विचारलं.

"सगळं दिसतंय," काका मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "खाडी दिसतेय. पाम बीच रस्त्याचे दिवे, ओळीने. चंद्र आलाय मोठा."

सईने वर बघितलं. आकाशात चंद्र नव्हता. तिने तोंड उघडलं, मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"होड्या आहेत खाडीत," काका घाईने सांगत होते. "त्यांच्यावर पण दिवे आहेत. लाल."

काकूंनी चाचपडत त्यांची दांड्यावरची मूठ शोधली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. "अहो, पुरे आता. डोळे उघडा. मी धरलंय तुम्हाला."

काकांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. हळूच मान वळवून खाली बघितलं.

"अगं," ते म्हणाले, आवाज अगदी लहान झाला होता. "आपली बिल्डिंग दिसतेय. आपल्या बाल्कनीतला दिवा चालूच राहिलाय."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "अजून काय दिसतं?"