देवरेवहिनींची भट्टी

जानेवारीत नाशिकरोडला सकाळी नळाच्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. आमचा दूधवाला कानटोपी, वर मफलर आणि त्याच्यावर हेल्मेट अशा थाटात येतो, त्याला आवाजावरूनच ओळखायचं. अशा कडाक्याच्या सकाळी समोरच्या गॅलरीत एक बाई बिनबाह्यांचा गाऊन घालून, हातात धान्य पाखडायचं सूप घेऊन स्वतःला सपासप वारा घालताना दिसली, तर घाबरू नका. त्या आमच्या देवरेवहिनी.

"अहो वहिनी, घरात पंखा असताना सूप कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"पंख्याचा वारा घरभर हिंडत बसतो गं. सुपाचा वारा सांगितल्या ठिकाणी येतो."

वहिनी मूळच्या नामपूरच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला एक जमाना झाला. एरवी बोलणं आपल्यासारखंच, पण जीव कासावीस झाला की माहेरची अहिराणी वर येते. पाळी जायचे दिवस आले, अंगातून अचानक गरम वाफा निघायला लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "याला हॉट फ्लॅशेस म्हणतात." वहिनींना ते नाव पसंत पडलं नाही. छातीत सुरू होते, मानेवरून डोक्यात चढते, घामाने आंघोळ घालते आणि जशी आली तशी निघून जाते, तिला भट्टीच म्हणायचं, असा त्यांनी निकाल दिला. तेव्हापासून दिवसातून केव्हाही जिन्यात आरोळी ऐकू यायची, "पेटनी वं माय, भट्टी पेटनी!" की आम्ही बायका आपापल्या दारातून पाण्याचे तांबे घेऊन निघायचो.

आता आमच्या वयाच्या बायकांना हे सगळं कुजबुजत बोलायची सवय. मी तर बहिणीशी फोनवर बोलतानासुद्धा 'तो त्रास' म्हणायची. वहिनींना तो संकोच ठाऊकच नाही. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कबुतरं येतात म्हणून जिन्यातली खिडकी कायमची बंद करायचं ठरत होतं. सगळे पुरुष एकमताने माना डोलवत होते. वहिनी उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी पाळी जायला लागलीय. मला वारा लागतो. खिडकी बंद केली तर मी कोणाच्या दारात बसू, ते ठरवा." चेअरमन चष्मा पुसायला लागले. खजिनदारांना एकदम बुटाची लेस दिसली. खिडकी आजही उघडी आहे आणि कबुतरं मजेत आहेत.

कुरडयांचा किस्सा तर विचारूच नका. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या मिळून गच्चीवर कुरडया करतो. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजत असतो आणि तो ढवळायचा मान वहिनींचा, कारण त्यांच्यासारखं मनगट कुणाचं नाही. चिकाचं असं असतं, की हात थांबला की गाठी झाल्याच. चीक ऐन रंगात आला आणि भट्टी पेटली. वहिनींनी दांडा टाकला, सरळ टाकीच्या नळाखाली जाऊन बसल्या, साडीसकट, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "करा गं तुम्ही, मी आहेच इथं." त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी गाठीच्या कुरडया खाल्ल्या, आणि कुणाची बोलायची टाप नव्हती.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते, तोवर माझी पाळी आली, म्हणजे जायला लागली. ऑफिसमध्ये फाईल वाचता वाचता कानशिलं तापायची, पाठ भिजायची, छातीत धडधड. मला वाटलं, झालं, हार्ट गेलं आपलं. घरी कुणाला न सांगता ईसीजी काढून आले. तो चांगला निघाला, तरी माझी खात्री पटेना. मग एकदा वहिनींकडे मेथी निवडत बसले असताना तसंच झालं. त्यांनी नुसतं तोंडाकडे बघितलं आणि सूप उचललं.

"कधीपासून पेटते?"

मी रडायलाच लागले. त्या वारा घालत म्हणाल्या, "अगं वेडे, यानं कोणी मरत नाय. माझ्या आईला असंच व्हायचं, तर लोकं म्हणायची हिच्या अंगात येतं. भर दुपारची शेतातल्या कांद्याच्या चाळीमागं एकटी जाऊन बसायची बिचारी. तिला कोणी सांगितलंच नाही. म्हणून मी बोंबलून सांगते." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या आरडाओरड्याचा अर्थ लागला. त्या मला डॉक्टरीणबाईंकडेही घेऊन गेल्या आणि माझ्या आधी माझी सगळी लक्षणं सांगून मोकळ्या झाल्या.

वहिनी एकट्या राहतात. मिस्टर गेले, एकुलता एक मुलगा नीलेश चेन्नईला नोकरीत. पोरगा गुणाचा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल आणि दर रविवारी तोच धोशा, "आई, तू इकडे ये. कायमची ये." वहिनी एकदा जाऊन राहिल्याही होत्या. मुलगा-सून सकाळी बाहेर पडले की घराचं दार बंद, भाषा कळेना, भाजीवालीशी बोटांनी बोलायचं, आणि हाक मारावी तर ओळखीचं दार नाही. परत आल्या तेव्हा जिन्यात उभ्या राहून सगळ्यांशी इतकं बोलल्या, की घसा बसला. तेव्हापासून चेन्नईचं नाव निघालं की भट्टी पुढे यायची. "मी तिथं उकडून मरेन रे. जानेवारीतसुद्धा तुमच्याकडे घाम. थोडी विझू दे, मग येते."

मागच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी तीळ मागायला त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर सगळ्या खिडक्या बंद, आणि वहिनी स्वेटर, पायमोजे घालून, गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या! मी दारातच थबकले.

"वहिनी, भट्टी?"

"विझली," त्या हळूच म्हणाल्या. "कधीच विझली. दार लाव आधी, गार वारा येतोय."

मग सगळं बाहेर आलं. कॉल यायच्या आधी स्वेटर काढायचा, कपाळावर पाणी शिंपडायचं, सूप घ्यायचं आणि मग हिरवं बटण दाबायचं. गॅलरीतला कार्यक्रमही त्यासाठीच. उद्या कॉलनीतलं कुणी नीलेशला बोललं तर? मी कपाळावर हात मारला. "अहो, न्यूमोनिया होईल! सरळ सांगून टाका ना, मला यायचं नाही म्हणून."

"तसं नाय सांगता येत बाई," एवढंच म्हणाल्या आणि तिळाचा डबा काढायला उठल्या.

आठवडाभरात नीलेश स्वतःच हजर झाला. वहिनींनी मला जेवायला बोलावलं, म्हणजे साक्षीदार म्हणून. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, तळलेले पापड आणि डोक्यावर पाचावर गरगरणारा पंखा. पापड ताटातून उडत होते. नीलेश जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून जेवत होता. वहिनी बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये बसून मधूनमधून "हुश्श" करत होत्या. त्यांच्या दंडावरचा काटा मला स्पष्ट दिसत होता.

"आई, नवीन घर घेतलंय," नीलेश म्हणाला. "तुझी वेगळी खोली आहे आणि त्यात एसी लावलाय. तुला हवा तितका गार कर. आता काही अडचण नाही ना? परवाची तिकिटं काढलीत."

वहिनींचा घास हातातच राहिला. "एसीनं मला सर्दी होते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पंख्याखाली बसतेस की जानेवारीत! काकू, तुम्हीच सांगा, आईचा त्रास अजून आहे का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. असं कधी कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. खोटं बोलायला मी तोंड उघडलं, आणि मेलीला तेव्हाच यायचं होतं! छातीतून निघाली, मानेवरून गेली, डोक्यात चढली. घामाच्या धारा लागल्या.

"सरक रे!" वहिनी ताटावरून उठल्या. हात पुसायला पदर नव्हता, गाऊनलाच पुसले आणि ओला नॅपकिन माझ्या मानेवर ठेवला. "हळू. श्वास सोड. सोड गं. भिऊ नको, जाते आता." एका हातात सूप, दुसरा हात माझ्या कपाळावर. तो हात बर्फासारखा गार होता. स्वतःची भट्टी, हुश्श, चेन्नई, सगळं विसरल्या होत्या त्या.

नीलेश बघत होता. आधी माझ्या घामाकडे, मग आईच्या कोरड्या कपाळाकडे, मग तिच्या काटा आलेल्या दंडांकडे. तो उठून पंख्याच्या बटणाकडे गेला.

"अरे थांब, मला लागतोय!" मी ओरडले.

तो थांबला. मग त्याने अंगातलं जॅकेट काढलं आणि मागून आईच्या खांद्यांवर टाकलं. वहिनींचा हात थांबला.

"कधी बंद झालं, आई?"

"झाले बरेच दिवस."

"मग यायचं नाही म्हणून सरळ सांगायचं ना. एवढ्या थंडीत कशाला कुडकुडत बसायचं?"

वहिनी त्याच्याकडे वळल्या. डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "आईला तुझ्याकडं राहायचं नाय, असं तुला कसं सांगू रे? तू एवढ्या मायेनं बोलावतोस. तुला काय वाटलं असतं? उकाड्यावर ढकललं की तुला वाईट वाटत नव्हतं."

माझी भट्टी ओसरली होती, पण उठून जावं की बसावं ते कळेना, म्हणून मी पापड मोडत बसले. मग नीलेश आईशेजारी पाटावर बसला. जॅकेटच्या बाह्या तिच्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, त्याने तिचे हात त्यांत घातले आणि एकेक बाही दुमडून मनगटापर्यंत वर केली.

"जेव आता. भरीत गार झालं," तो म्हणाला. "तिकिटं मी करतो रद्द."

वहिनींनी घास घेतला. मग दुसरा घेतला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "दरवर्षी संक्रांत झाली की येत जाईन महिनाभर. या दिवसांत इथं मला लय थंडी वाजते रे."