आप्पारावांनी नेटवर बसवलेला पहारा

ते साल २०१०. पुण्यात नातीचं बारसं, आणि नौबादच्या घरी सुमनबाई गुडघ्याला पट्टी बांधून खुर्चीत! डॉक्टरांनी प्रवासच बंद केला होता. लेक बालाजी म्हणाला, "आई, कॉम्प्युटरवर बघ, समोर बसल्यासारखं दिसतंय." सुमनबाईंना एवढंच हवं होतं, की आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगेल ते आपल्या कानांनी ऐकायचं.

"ते माझ्यावर सोड!" त्यांचे यजमान आप्पाराव म्हणाले. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, कालव्याचे चोर पकडण्यात पटाईत. नेट महिन्याला मापात मिळायचं. ते आधीच संपलं तर बारसं बुडालं! म्हणून त्यांनी वाहतं नेट मोजणारं आणि मर्यादा भरली की तोडणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्यानं विचारलं, कोणत्या जोडणीवर नजर ठेवू? खाली दोन नावं. एक कॉम्प्युटरच्या तारेचं, एक ब्रॉडबँडचं.

"बालाजी एकच निवडा म्हणला होता की," सुमनबाई म्हणाल्या.

"त्याला काय कळतंय? एका दरवाजावर पहारा बसवला की चोर दुसऱ्यातून पळतोय!" त्यांनी दोन्हींवर टिक केली.

रोज पुण्याशी थोडा सराव चाले. बालाजीच्या अंदाजापेक्षा आकडा बरोबर दुप्पट निघू लागला.

"बघ! आपलं एक, चोराचं एक!"

खिडकीवरून एक तार वर जायची, भाडेकरू ईरण्णाकडे.

"अवो, त्याच्याकडं कॉम्प्युटर तर हाय का?" सुमनबाईंनी थकून विचारलं.

"चोर दाखवून ठेवतोय व्हय?"

बारशाच्या सकाळी आप्पारावांनी ती तार कचकन कापली.

सुमनबाई इरकल नेसून पडद्यासमोर बसल्या. पाळणा दिसला. आत्या, म्हणजे त्यांची लेक श्रीदेवी, वाकली. "कुर्र..." आणि पडदा काळा! मर्यादा भरली, जोडणी बंद.

तेवढ्यात तुटकी तार हातात घेऊन ईरण्णा दारात. "कामून कापलाव अण्णा? टीव्हीची तार हाय ही! मॅच चालू होती माझी!"

सुमनबाईंचा चेहरा बघून त्यानं भांडण गिळलं आणि स्वतःच्या मोबाईलवरून पुण्याला फोन लावून दिला.

"आप्पा, दोन्ही टिक केलाव?" सगळं ऐकून बालाजी ओरडला. "एकच नेट दोन्हींतून जातंय! कालव्याचं पाणी पुलाखाली मोजलाव, तेच पुढं शिवारात मोजलाव, आन् बेरीज केलाव!"

आप्पाराव गुडघा दुखत असल्यासारखे हळूच खाली बसले. गुडघा खरं तर बायकोचा दुखत होता.

ईरण्णा पुढं हैदराबादला गेला. जाताना तार मात्र मोजून काढून घेऊन गेला. बालाजी पुण्यातच स्थिरावला. सुमनबाईंचा गुडघा बरा झाला, हवामान सोडलं तर. आप्पारावांनी ते सॉफ्टवेअर काढलं आणि अंगणातल्या टाकीला मीटर लावलं. दोन.

नात आता कॉलेजात जाते. तिचं नाव छान आहे, त्याच दिवशी फोनवर सगळ्यांनी आलटून पालटून सांगितलं. पण सुमनबाई तिला अजून कुर्रच म्हणतात. आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच.