हरवलेली टेकडी

तपास करणारा: मी. प्रयोगशाळेच्या भांडारात काचसामान देतो-घेतो, हे नुसतं जगाला चकवायला घेतलेलं सोंग. माझी नजर ससाण्याची आहे. चष्मा फक्त जवळचं वाचायला आणि लांबचं बघायला.

उद्देश: भाचीची टेकडी शोधणे.

भाची इथेच संशोधन करते. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवते, म्हणजे इतकी बारीक पूड की ती आहे का नाही हे यंत्रालाच विचारावं लागतं. कण पाण्यात मिसळायचे, चौकोनी काचकुपीत भरायचे, आरपार उजेड सोडायचा. कण अतिनील उजेड गिळतात आणि आलेखावर टेकडी उठते. परवापासून टेकडी नाही. नुसतं गवत.

"मामा, चार वाजता सर आलेख बघणार आहेत. टेकडी नसली तर सहा महिन्यांचं काम पहिल्यापासून."

"घाबरू नकोस. मी आहे ना."

"म्हणूनच घाबरतेय."

निरीक्षण १: कण चोरीला गेले. चोरही तेवढाच बारीक असणार, म्हणून दिसला नाही. भाची म्हणाली, बाटलीतलं पाणी अजून दुधासारखं आहे. खोडले.

निरीक्षण २: कण रुसून तळाशी बसले. बाटली जोरात हलवली. बूच सैल होतं. माझा शर्ट पांढरा झाला, टेकडी जागची हलली नाही, कारण ती जागेवर नव्हतीच.

निरीक्षण ४ (३ शर्टाबरोबर धुतलं गेलं): यंत्रातला दिवा फितूर आहे. त्याच्याकडे अकरा मिनिटं रोखून पाहिलं. डगमगला नाही. सराईत.

साडेतीनला काचसामान धुणाऱ्या मावशी आल्या. यंत्राचं झाकण उघडंच होतं. त्यांनी आत डोकावलं.

"भाऊ, या कुपीच्या दोन बाजू लख्ख असतात आणि दोन धुरकट, बोटांनी धरायला. दिव्यासमोर धुरकट बाजू कुणी ठेवली?"

"मी," भाची म्हणाली. "इथे चिठ्ठी आहे ना. लाल ठिपका दिव्याकडे."

"आणि धुरकट बाजूवर ठिपका कुणी लावला?"

मी शर्टाकडे पाहू लागलो.

परवा लावला होता. नेलपॉलिश भाचीचंच. कुपी कुणी वेडीवाकडी ठेवू नये, म्हणून चिठ्ठीही डकवली. लख्ख बाजूवर लावला असता तर उजेड अडला नसता का? इतका पुढचा विचार इथे दुसरं कोण करतं?

मावशींनी कुपी पाव फेरी फिरवली. भाचीने बटण दाबलं. गवतातून टेकडी उठली, गुळगुळीत, ऐन जागेवर. चार वाजता सर दोन मिनिटं आलेखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता लिहायला घ्या." भाचीने मावशींना मिठी मारली. माझ्याकडून नेलपॉलिश काढून घेतलं.

अनुमान: गुन्हेगार सुरुवातीपासून तपासाला हजर होता. त्याने पूर्ण सहकार्य केलं. पहिलाच गुन्हा असल्याने मी त्याला समज देऊन सोडून दिलं.

(समासात, भाचीच्या अक्षरात: चौथा. वजनकाट्याला घातलेलं तेल अजून निघालेलं नाही.)