नानोटींचे सव्वा लिटर

नानोटींनी माझं नाव विचारण्याआधी माझी नडगी दाबली. चंदीगडला बदली होऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. खालच्या मजल्यावर मराठी कुटुंब आहे म्हणून ओळख करून घ्यायला गेलो, तर सत्तरीचे हे गृहस्थ दारातच माझ्यापुढे वाकले. मी संकोचून पाय मागे घेईपर्यंत त्यांनी अंगठा रुतवून दहा आकडे मोजले होते. खड्डा पडत नाही, म्हणजे अंगात पाणी साचलेलं नाही, असा निर्वाळा देऊन मग त्यांनी मला बसायला सांगितलं.

नानोटी मूळचे अकोल्याचे. मोहालीतल्या एका प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर घालवली. लोक नातवंडांबद्दल बोलतात तसे ते या वाहिन्यांबद्दल बोलत. एकदा पाइप फुटून रस्त्यावर पाणी साचलं आणि पोलिसांनी चौकातल्या गोल चक्करवरूनच वाहतूक पुढच्या सेक्टरकडे वळवली. आम्ही रिक्षातून सेक्टर पस्तीसला निघालो होतो. नानोटींना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"पाहा, हुबेहूब फुप्फुस! बाकी शरीरात प्राणवायू कमी पडला की वाहिन्या रुंद होतात, जास्त रक्त बोलावतात. फुप्फुसाचं उलटं. ज्या कोपऱ्यात पाणी भरलं तिथं हवा पोचत नाही. मग तिथली वाहिनी स्वतःला आवळून घेते आणि रक्ताला पुढच्या सेक्टरला पाठवते."

सगळ्याच सेक्टरांत पाणी भरलं तर वाहिन्या सगळीकडेच आवळतात, दाब वाढतो आणि हृदयाला धाप लागते, हेही त्यांनी रिक्षावाल्या सरदारजींना हिंदीत समजावलं. सरदारजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाऊजी, पैंतीस चलना है या यहीं उतरना है?"

गेल्या हिवाळ्यात हे शास्त्र त्यांच्या घरातच आलं. त्यांच्या पत्नी मालतीकाकूंचं हृदय थकलं आणि फुप्फुसांत पाणी साचलं. दोन आठवडे इस्पितळात काढून त्या घरी आल्या त्या डॉक्टरांची ताकीद घेऊनच: दिवसाला सव्वा लिटर पाणी, चहा-वरण धरून. पुन्हा पाणी भरलं तर निभावणं कठीण होतं.

नानोटींनी ओट्यावर काचेची मोजनळी आणून ठेवली. काकूंनी माझ्या बायकोकरवी कलिंगड मागवलं, तर त्यांनी फोडी वजन करून पाण्याच्या हिशेबात धरल्या. बर्फाचा खडाही सुटला नाही. मी काय तुमच्या प्रयोगातला उंदीर आहे का, असं काकूंनी विचारलं. उंदीर इतकं भांडत नाही, असं उत्तर मिळालं. काकू हसल्या आणि त्यांना दम लागला. त्यानंतर नानोटींनी घरात विनोद करणं बंद केलं.

हा माणूस बायकोकडेही नळीतूनच बघतो, असं माझं ठाम मत झालं होतं.

जूनमधल्या एका दुपारी मार्केटच्या व्हरांड्यात ते पायरीवर बसलेले दिसले. चेहरा पांढराफटक, ओठांना कोरड. मी घाईनं पाण्याची बाटली उघडली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"नको. माझं आजचं झालं."

तुम्हाला कोणत्या डॉक्टरनं मोजून प्यायला सांगितलंय, असं मी चिडूनच विचारलं.

"कोणीच नाही. हिवाळ्यापासून मी पण सव्वाच पिऊन राहिलो. तिच्या फुप्फुसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, मला माहीत आहे."

"मग कशासाठी?"

"ती ग्लासाकडे पाहते हो. तिच्यासमोर पिणं जमत नाही. आणि तिच्यामागं तर अजिबातच जमत नाही."

मला भरून आलं, आणि रागही आला. आत्ता प्यायला नाहीत तर घरी जाऊन काकूंना सांगतो, असं मी बजावलं. नानोटी पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

"तिला नका सांगू. मला पाजायसाठी म्हणून ती स्वतः प्यायला लागेल."

त्यांनी बाटली घेतली आणि डोळे मिटून रिकामी केली. मग खिशातून रुमाल काढला आणि घरी निघण्याआधी ओठ दोनदा कोरडे पुसले.